सावनेरला गाडी उजवीकडे वळली

सौसरच्या बसस्टँडसमोर रसवंतीच्या बाजूला एक पांढरी सात सीटची गाडी उभी असते. तिच्या मागच्या काचेवर काहीही लिहिलेलं नाही. देवाचं नाव नाही, मुलांची नावं नाहीत. गाडीचे मालक आणि ड्रायव्हर गुणवंताकाका म्हणतात, "काचेवर लिहिलं का मागचा वाचत येते, आन वाचता वाचता ठोकते."

गुणवंताकाका नागपूरच्या विमानतळावरून माणसं घरी आणतात. आधी ते संत्र्याचा ट्रक चालवायचे. मग आमच्या भागातली मुलं पुण्याला, हैदराबादला, बंगलोरला नोकरीला लागली आणि विमानानं यायला लागली. विमान नागपूरला उतरतं आणि घर मध्य प्रदेशात. नागपूरच्या टॅक्सीवाल्याला मध्य प्रदेश म्हटलं की त्याला परमिट आठवतं आणि तो मागे सरतो. त्यामुळे सौसर, मोहगाव, बोरगाव इथल्या पुष्कळ घरांत गुणवंताकाकांचा नंबर भिंतीवर पेन्सिलनं लिहिलेला आहे.

त्यांच्या कामात एक गोष्ट वेगळी आहे. गाडीत बसतो एक आणि हुकूम देतो दुसरा. दिवाळीला किंवा लग्नाला येणारा माणूस स्वतःच फोन करतो. "काका, दोन वाजता उतरतो, या." असा फोन आला की काका खूश असतात. वाटेत सावनेरला समोसा खातात, गाणी लावतात, संत्र्याचा बार, म्हणजे बहर, कसा आला ते सांगतात. पण कधीकधी फोन घरून येतो. आवाज हळू असतो आणि वाक्य जवळपास ठरलेलं असतं. "काका, बाबांची तब्येत थोडी जास्त आहे. पोरगा येऊन राहिला. त्याले काही सांगू नका, सीधं घरी आणा."

याचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना कळतो. माणूस खरोखरच जास्त आजारी झाला तर आमच्याकडून त्याला नागपूरला नेतात. सौसरचा असो की पांढुर्ण्याचा, डॉक्टर हात वर करतो आणि म्हणतो, नागपूरले हलवा. म्हणजे श्वास चालू असेल तर माणूस नागपुरात असणार. मुलगा नागपुरात उतरतो आहे आणि त्याला पुढे गावात आणायला सांगतात, तेव्हा आणखी काही विचारायचं उरत नाही. शिवाय, गेले का, असं कोणी तोंडानं विचारत नाही. तसं विचारणं अशुभ. काका फक्त "बरं" म्हणतात आणि गाडीत पाण्याच्या बाटल्या टाकतात.

अशा फेरीत ते कुठे थांबत नाहीत. याला कारण बोरगावचा प्रवीण. तो हैदराबादहून आला होता आणि त्याला काही माहीत नव्हतं. सावनेरला त्यानं मजेत दोन समोसे खाल्ले, काकांनाही आग्रह केला. घरापुढे गाडी थांबली आणि त्यानं अंगणातली माणसं पाहिली. तेरवी झाल्यावर तो मुद्दाम स्टँडवर आला आणि काकांना म्हणाला, "काका, तुम्हाले माहीत होतं. मी समोसे खात होतो." एवढंच बोलून गेला. भांडला असता तर काकांना बरं वाटलं असतं. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच घोळ चालू आहे. सांगायला पाहिजे होतं की नाही? सांगितलं असतं तर साठ किलोमीटर त्या पोराचं काय झालं असतं? मी रोज स्टँडवर त्यांच्याजवळ बसतो, म्हणून हा प्रश्न त्यांनी मलाही विचारला आहे. माझं शिक्षण डिप्लोमाचं, इलेक्ट्रिकलचं. मला बिघाड शोधता येतो, पण याचं उत्तर मला देता आलं नाही.

मागच्या वर्षी पोळा होऊन गेला होता. एके सकाळी मोहगावहून रोशनचा फोन आला.

रोशन म्हणजे श्रावणभाऊंचा मुलगा. श्रावणभाऊ सौसरच्या नगरपालिकेत पाणीपुरवठ्यात होते. सकाळी सायकलवर यायचे आणि लांब लोखंडी चावीनं वॉल्व्ह फिरवून गल्लीचे नळ सोडायचे. गुणवंताकाकांच्या गल्लीचं पाणी त्यांच्याच हातात होतं. काकांच्या घरी लग्न होतं तेव्हा श्रावणभाऊंनी नळ अर्धा घंटा जास्त चालू ठेवला होता. ही गोष्ट काका अजून सांगतात. रिटायर झाल्यावर श्रावणभाऊ मोहगावला आपल्या घरी राहायला गेले.

"काका, प्रज्ञा येऊन राहिली गोव्याहून," रोशन म्हणाला. "बाराच्या विमानानं."

"बरं."

"बाबाले पांढुर्ण्याच्या दवाखान्यात भरती केलं होतं. डेंगू झाला, पेशी कमी झाल्या म्हणे. आता घरी आणलं."

"घरी आणलं?"

"हाव. घरीच आहे. तुम्ही तिले सीधं मोहगावले आणा. वाटेत जास्त काही बोलू नका. ती उगाच घाबरते."

"मी येतो घेऊन, बेटा. तू आईले सांभाळ," काका म्हणाले.

रोशननं "हाव" म्हटलं आणि फोन ठेवला. आईला सांभाळ असं काका का म्हणाले, हे त्या वेळी त्याच्या लक्षात आलं नाही. तो घाईत होता.

काका नागपूरला लवकर पोचले. विमानाला वेळ होता म्हणून ते बुधवारी बाजार, सीताबर्डी असे फिरले आणि फुलवाल्याकडून एक चांगला जाड हार घेतला. निशिगंधाचा, मध्ये लाल गुलाब. मोहगावला दुपारी असा हार मिळाला नसता. दुसऱ्या कोणासाठी त्यांनी हे केलं नसतं. पण अर्धा घंटा जास्त चाललेला नळ ते विसरले नव्हते. हार ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी डिक्कीत ठेवला आणि त्यावर गोणपाट टाकलं.

प्रज्ञा बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक बॅग होती. ती गोव्याला औषधाच्या कंपनीत काम करते, गोळ्या तपासायच्या विभागात. दोन वर्षं ती घरी आली नव्हती. भांडण वगैरे काही नव्हतं. दर वेळी सुट्टी ठरायची आणि रद्द व्हायची. बाबा फोनवर म्हणायचे, "नोकरी पाय तू, आम्ही कुठं पळून चाललो?"

"जय भीम काका," ती म्हणाली. "डिक्की खोला ना."

"बॅग सीटवरच ठेव बेटा. डिक्कीचं लॉक बिघडलं."

गाडी निघाली. वर्धा रोडची गर्दी संपली. मग प्रज्ञानं रोशनला फोन लावला. हे पुढचं बरंचसं मला तिनंच नंतर सांगितलं.

"बाबाशी बोलू दे," ती म्हणाली.

"मी घरी नाही, मेडिकलवर आहे," रोशन म्हणाला. "बाबा झोपले आहे. आताच डोळा लागला. तू ये फक्त."

"आईचा फोन लागून नाही राहिला."

"तिनं फोन कुठं ठेवला तिलेच माहीत. तू ये ना, प्रज्ञा. येऊन राहिली ना? मंग झालं."

तिनं फोन मांडीवर ठेवला. बाबा झोपले आहेत. आताच डोळा लागला. तू ये फक्त. तीही मोहगावचीच मुलगी. मोठे बाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ तुळशीराम, वारले तेव्हा तिच्या चुलतभावाला पुण्याला फोन करून हेच शब्द सांगितले होते. ते सांगणारी ती स्वतःच होती. फोन तिच्याच हातात दिला होता, कारण घरात तिचा आवाज सगळ्यात स्थिर होता.

"काका," ती म्हणाली, "तुम्हाले कोणी फोन केला होता?"

"रोशननं."

"काय म्हणाला?"

"सीधं घरी आण म्हणाला."

"घरी? दवाखान्यात नाही?"

काकांनी समोरच्या ट्रकला हॉर्न दिला. त्याची गरज नव्हती. ट्रक आपल्या बाजूनं नीट चालला होता.

काही वेळानं तिनं नाक वर करून वास घेतला. त्या गाडीत डिक्की आणि सीट यांच्यामध्ये भिंत नाही. सीटच्या पाठीवरून वास सरळ पुढे येतो.

"निशिगंधाचा वास येऊन राहिला गाडीत."

"हाव. परवा लग्नाले गेली होती गाडी. सजवली होती."

"भादव्यात लग्न?"

काका गडबडले. पितृपक्ष तोंडावर आलेला. हे त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. "तुमच्यातलं होतं," ते म्हणाले. "तुमच्यात चालते ना."

"कोणाचं?"

"आं?"

"मोहगाव-सौसरातलं आमच्यातलं लग्न मले माहीत नाही असं कसं होईल? कोणाचं होतं?"

काकांना एकही नाव सुचलं नाही. त्यांना त्या वेळी स्वतःच्या जावयाचं नावही सांगता आलं नसतं. ते म्हणाले, "पाणी पी बेटा, बाटली आहे तिथं."

प्रज्ञानं बाटली घेतली आणि उघडलीच नाही. तिला सगळं कळत होतं आणि काहीच पक्कं नव्हतं. ती कामावर रोज गोळ्या तपासते. एखादी गोळी बिघडली आहे की नाही हे अंदाजानं ठरवत नाहीत, यंत्रात टाकून बघतात. इथे तिच्याजवळ बघायला काही नव्हतं. एक वास, एक वाक्य आणि पुढच्या सीटवरच्या माणसाची ताठ मान. हळूहळू कापसाची शेतं सुरू झाली, मग संत्र्याचे बगीचे. तिला वाटलं, थेट विचारावं. मग वाटलं, विचारलं नाही तोवर बाबा आहेत.

सावनेरला रस्ता फुटतो. डावीकडचा पांढुर्ण्याला जातो, उजवीकडचा सौसरला. काकांनी गाडी उजवीकडे घेतली.

रोशननं घरीच आणा म्हटलं आहे हे तिला आधीच कळलं होतं. तरी मनात कुठेतरी तिनं ठरवून ठेवलं होतं की सावनेरला काका डावीकडे वळतील. पांढुर्णा म्हणजे दवाखाना. दवाखाना म्हणजे पलंग, सलाईन आणि पलंगावर कुरकुर करणारे बाबा.

"काका, पांढुर्णा तिकडं आहे."

"हाव."

"आपण तिकडं नाही जाऊन राहिलो."

"नाही बेटा."

"एवढ्या पेशी कमी झालेल्या माणसाले घरी कोणी आणते का? त्याले नागपूरले नेते. मी नागपुरातच उतरली ना. मले तिथंच थांबवलं असतं ना?"

काकांनी गाडी हळू केली. त्यांना प्रवीण आठवत होता. या वेळी लपवायचं नाही असं त्यांच्या मनात आलं. आणि घरच्यांनी सांगितलं नसताना सांगणारे आपण कोण, असंही मनात आलं. दोन्ही एकदम आलं. शेवटी ते तेच बोलले, जे आमच्याकडे अशा घरी गेल्यावर दारात बोलतात.

"तू समजदार आहे बेटा. आता तूच आईले धीर दे."

थोडं पुढे गेल्यावर प्रज्ञा आवाज न करता रडायला लागली, मग आवाज करून. काकांनी गाडी बाजूला घेतली नाही. त्यांना वाटलं, थांबलं तर ती उतरेल आणि शेतात निघून जाईल. ती म्हणत होती, "दिवाळीले येतो म्हणाली होती मी. तिकीट नाही काढलं." पुन्हापुन्हा तेच. काका "हाव बेटा, हाव" म्हणत राहिले. त्यांचेही डोळे भरून आले. रस्ता धूसर दिसायला लागला तसा त्यांनी काचेवरचा वायपर चालू केला. काच कोरडी होती. वायपर खरडत राहिला आणि बराच वेळ तो बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही.

मध्येच तिनं गोव्याला स्मिताला फोन केला. स्मिताही मोहगावचीच. दोघी एकाच खोलीत राहतात. "बाबा गेले," ती म्हणाली. श्रावणभाऊंबद्दल हे शब्द कुणी उच्चारण्याची ही पहिलीच वेळ होती, पण हे तिला त्या वेळी माहीत नव्हतं.

स्मितानं फोन ठेवला आणि रडत रडत रोशनला मेसेज केला. "दादा, श्रावणकाकांचं कळलं. खूप वाईट झालं. प्रज्ञाला सांभाळा."

रोशन तेव्हा सौसरला होता. मोहगावच्या मेडिकलमध्ये सलाईन मिळालं नव्हतं म्हणून तो तिथवर आला होता. त्यानं मेसेज वाचला. स्मिताला कळलं म्हणजे प्रज्ञाकडून कळलं असणार. प्रज्ञाला कळलं म्हणजे घरून आईनं सांगितलं असणार. आपण अर्धा घंटा इथे रांगेत उभे आहोत. त्यानं घरी फोन करून विचारलं नाही. कसं विचारणार? सलाईनची पिशवी काउंटरवर तशीच टाकून तो मोटरसायकलवर बसला.

मोहगावला गाडी वळली तेव्हा घरासमोर लाल प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. आठ-दहा माणसं बसली होती, बाया ओट्यावर होत्या. सगळे हळू आवाजात बोलत होते. गुणवंताकाकांचा जो काही एवढासा संशय उरला होता, तोही गेला. मागून रोशनची मोटरसायकल येऊन आदळल्यासारखी थांबली. तो उतरला, त्याचा चेहरा रडून ओला झालेला. प्रज्ञा गाडीतून उतरली आणि भावाचा चेहरा बघून तिनं हंबरडाच फोडला. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडली.

खुर्च्यांवरची माणसं उठून उभी राहिली. त्यांच्या चेहऱ्यावर नुसता गोंधळ होता. कुणालाही काही विचारायचं धाडस झालं नाही. एका बाईनं दुसरीला खूण केली. शेजारच्या यशवंतरावांनी टोपी काढून हातात घेतली, कारण काहीतरी झालं आहे एवढं त्यांना दिसत होतं.

तेवढ्यात आतून आवाज आला. बारीक, घोगरा, पण वैतागलेला.

"कोण रडून राहिलं बे? माणसाले झोपू देत नाही."

प्रज्ञाचं रडणं मध्येच तुटलं. रोशन जागच्या जागी उभा राहिला. ओट्यावरून शकुंतलाबाई, त्यांची आई, खाली आल्या. त्यांच्या हातात पपईच्या पानाचा रस काढलेला पेला होता.

"काय झालं व?" त्या म्हणाल्या. "काहून रडून राहिली तुम्ही? गाडी ठोकली का?"

प्रज्ञा आत धावली. खाटेवर श्रावणभाऊ पडले होते. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले, हातावर लाल पुरळ. पण डोळे उघडे होते आणि त्या डोळ्यांत चांगलाच राग होता. मग मुलगी दिसली आणि राग विझला.

"आली का," ते म्हणाले. "एवढी काय रडते? आहो मी."

ती त्यांच्या हाताला हात लावून बघत राहिली. हात गरम होता. तापानं फारच गरम. तिला वाटलं होतं आनंद होईल. तिला आनंद झालाच नाही. नुसतं डोकं बधीर झालं, उन्हातून एकदम अंधाऱ्या खोलीत आल्यावर काही दिसू नये तसं.

बाहेर रोशननं बॅग घ्यायला गाडीची डिक्की उघडली. बॅग सीटवर आहे हे त्याला माहीत नव्हतं. गोणपाट उचललं आणि हार दिसला.

"हे काय आहे काका?"

गुणवंताकाका गाडीला टेकून उभे होते. त्यांनी हाराकडे पाहिलं, रोशनकडे पाहिलं. "तूच तं म्हणाला," ते म्हणाले. "सीधं घरी आणा म्हणाला."

"मंग? बाबा घरीच आहे ना."

"घरी आहे म्हणून तं."

रोशनला आता सकाळचं वाक्य आठवलं. आईले सांभाळ. तो खाली बसला आणि त्यानं डोकं धरलं. यशवंतरावांना प्रकार समजला तसे ते टोपी परत डोक्यावर घालत म्हणाले, "चला, श्रावणचं आयुष्य वाढलं. जिवंत माणसाची खोटी बातमी उठली का आयुष्य वाढते." कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, आणि हसता हसता थांबले, कारण ते सगळे तिथे का जमले होते हे त्यांना आठवलं.

ते जमले होते श्रावणभाऊंना समजवायला. पांढुर्ण्याच्या डॉक्टरनं कालच सांगितलं होतं, पेशी उतरत चालल्या आहेत, नागपूरला हलवा. श्रावणभाऊ पलंगावरून उतरले, सलाईनची सुई काढायला लावली आणि म्हणाले, मी घरी जातो. मोठा भाऊ तुळशीराम नागपूरला गेला तो परत झोपूनच आला होता. शेजारचे दोघं तसेच आले. "नागपूरले नेलेला माणूस वापस येते, पण बोलत नाही," असं ते म्हणत होते. गावानं समजावलं, रोशननं हातापाया पडून समजावलं. शेवटी ते म्हणाले, "प्रज्ञा औषधाच्या कंपनीत आहे. तिले समजते. ती येऊन म्हणेल तं जाईन." त्यांना फोनवर विचारायचं नव्हतं. समोर पाहिजे होती.

हे सगळं प्रज्ञाला खाटेजवळ उभी असताना कळलं. नागपूरहून ती आत्ताच आली होती. जिथे बाबांना न्यायचं होतं तिथूनच. तिनं डॉक्टरचे कागद पाहिले. आकडे वाचून तिनं कागदांची घडी घातली.

"चला बाबा," ती म्हणाली. "आता निघू."

"तू म्हणते म्हणून?"

"हाव."

"मंग वापस येईन का मी?"

हो म्हणायला तिची जीभ वळेना. तिला त्या आकड्यांचा अर्थ माहीत होता. श्रावणभाऊंनी दाराकडे पाहिलं. गुणवंताकाका उंबऱ्याच्या बाहेर उभे होते.

"गुणवंता, तू तं रोज नागपूर करतो. तू सांग. किती जण वापस आणले बोलते-चालते?"

"मी पेशंट नाही नेत भाऊ," काका म्हणाले. "मी विमानतळावरून आणतो फक्त. माले नाही माहीत. खरंच नाही माहीत. आज तं माले काहीच नाही समजून राहिलं."

श्रावणभाऊंना हे उत्तर आवडलं असावं. सकाळपासून प्रत्येक जण त्यांना छातीठोकपणे सांगत होता की काही होत नाही. पण तरीही ते उठले नाहीत. डोळे मिटून पडून राहिले.

तेव्हा प्रज्ञा चिडली. आजवर ती बाबांवर चिडली नव्हती.

"सावनेरपासून इथवर मी तुम्हाले मेले समजून रडली, बाबा. जेवढं होतं तेवढं सगळं रडून झालं. आता तुम्ही इथं खाटेवर खरंच गेले तं मी काय करू? माझ्याजवळ काही उरलं नाही."

शकुंतलाबाई म्हणाल्या, "असं बोलू नये व."

"बोलू दे तिले," श्रावणभाऊ म्हणाले. डोळे उघडून ते मुलीकडे बघत राहिले. मग विचारलं, "लई रडली का?"

"वायपर लावून रडलो आम्ही," उंबऱ्यातून काका म्हणाले.

श्रावणभाऊ हसले. हसताना त्यांना खोकला आला. "तो हार बुद्धाच्या फोटोले घाला," ते म्हणाले. "वाया नका घालवू." आणि रोशनकडे हात केला, उठवायला.

गाडीत त्यांना मधल्या सीटवर आडवं केलं, डोकं प्रज्ञाच्या मांडीवर. काकांना पेशंट नेण्याची सवय नव्हती. हळू चालवायचं की जोरात, तेच त्यांना कळेना. खड्डा आला की मागून श्रावणभाऊ कण्हायचे आणि काकांना बरं वाटायचं, मग बरं वाटल्याची लाज वाटायची. सावनेर आलं आणि गेलं. त्यांनी किती वेळा मागे पाहिलं याचा हिशेब नाही. एकदा प्रज्ञा म्हणाली, "काका, समोर पाहा. मी पाहून राहिली ना इकडं."

नागपूरच्या दवाखान्यात श्रावणभाऊंना आत नेलं. काका परत आले आणि सौसरच्या स्टँडवर नेहमीसारखी गाडी लावली. पण त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. मी त्यांना पहिल्यांदा हे सगळं बोलताना ऐकलं ते त्याच दिवसांत. प्रवीणला न सांगून चूक केली, प्रज्ञाला सांगून चूक केली, मग बरोबर काय होतं, असं ते विचारायचे. रोशनला फोन करून विचारावं असं त्यांना रोज वाटायचं. रोज ते नंबर काढायचे आणि ठेवून द्यायचे. वाईट असेल तर? आपण विचारल्यामुळे वाईट झालं तर?

पुढच्या आठवड्यात एका सकाळी रोशनचाच फोन आला. मी तिथेच होतो. काकांनी नाव पाहिलं आणि फोन वाजत राहिला. शेवटी त्यांनी उचलला.

"काका, नागपूरले या आज," रोशन म्हणाला. त्याचा आवाज थकलेला, हळू. "बाबाले घरी न्यायचं आहे."

बाबाले घरी न्यायचं आहे. असं हळू आवाजातलं वाक्य काकांनी आयुष्यात किती वेळा ऐकलं होतं, आणि दर वेळी "बरं" म्हणून गाडीची चावी घेतली होती. या वेळी त्यांनी "बरं" म्हटलं नाही. जे अशुभ म्हणून कुणीच विचारत नाही, तेच त्यांनी विचारलं.

"रोशन, सीधं सांग बेटा. बाबा जिवंत आहे का?"

मीही खुर्चीतून उठलो. मग पलीकडे काहीतरी खडखडलं, फोन कुणाच्या तरी हातात गेला, आणि आवाज आला तो इतका मोठा की मला बाजूलाही ऐकू आला.

"मांगच्या सीटवर नाही बसत मी, गुणवंता. मांगं लई गरम होते. सामोर जागा कर."

काका गाडीकडे गेले. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर त्यांचा टॉवेल, चार्जर, सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पन्नी आणि एक अर्धी बाटली पडली होती. ते एकेक उचलून मागे टाकत राहिले. सीट पुसली. मग पुन्हा पुसली.